पडद्याआडची तार

ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत विद्युत्प्रवाह नेणारी तांब्याची जोडतार ही दिसावयास अगदीं सामान्य वस्तु. परंतु तिच्यावरून गेल्या चार-पांच दशकांत जो वाद माजला तो सामान्य नव्हे. एक पक्ष म्हणतो, तार बदलली कीं संगीत बदलतें; स्वर मोकळा होतो, वाद्यें एकमेकांपासून निराळीं उभीं राहतात. दुसरा म्हणतो, तांबें पुरेसें जाड असलें म्हणजे झालें. बाकी सारा व्यापाराचा महिमा. वरवर पाहतां हा हौशी मंडळींचा कलह वाटेल. पण त्याच्या मुळाशीं एक गंभीर प्रश्न आहे : 'मीं स्वतः ऐकलें' या साक्षीचें मोल किती? त्या प्रश्नाचा इतिहास तारेहून पुष्कळ जुना असून तोच येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

त्याचा आरंभ वैद्यकांत होतो. १७८४ सालीं पॅरिस शहरांत मेस्मर नांवाच्या वैद्याच्या 'प्राणिज चुंबकत्वा'चा मोठा बोलबाला होता. एक अदृश्य द्रव आपण रोग्याच्या देहांत खेळवूं शकतों, असा त्याचा दावा असे. आणि रोगी खरोखरच थरथरत, मूर्च्छित पडत. सोळाव्या लुई राजानें चौकशीसाठीं जें मंडळ नेमलें, त्यांत बेंजामिन फ्रँकलिन व रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे होते. फ्रँकलिनच्या पासी येथील बागेंत मेस्मरचा अनुयायी देस्लों यानें जर्दाळूचें एक झाड भारून ठेविलें. मग बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्यास एकामागून एक अशा चार झाडांजवळ नेलें. चौथ्या झाडापाशीं मुलगा मूर्च्छित पडला. पण त्या चारांत भारलेलें झाड नव्हतेंच! मंडळानें मुलास ढोंगी ठरविलें नाहीं. परिणाम घडले, पण त्यांचें कारण कल्पना, असा त्यानें निवाडा दिला. माणूस प्रामाणिक असतो, त्याचा अनुभवही खरा असतो, आणि तरी त्यानें सांगितलेलें कारण खोटें असूं शकतें, हा भेद त्या बागेंत स्पष्ट झाला. पुढच्या सर्व परीक्षांचा पाया तोच आहे.

ध्वनीच्या प्रांतांत ही युक्ति आली ती मात्र प्रथम व्यापाऱ्यांच्या हातीं सांपडली. १९१५ पासून पुढें सुमारें दहा वर्षें एडिसनच्या कंपनीनें अमेरिकेंत गांवोगांवीं 'टोन टेस्ट' नांवाचे जलसे केले. गायिका फोनोग्राफशेजारीं उभी राहून त्याच्याबरोबर गाई, मधूनच ओठ मिटी, आणि यंत्र तेंच गाणें पुढें चालवी. कधीं दिवे मालवीत. ते पुन्हां लागत तेव्हां गायिका निघून गेलेली असे व यंत्र गातच असे. श्रोते थक्क होत. पण अ‍ॅना केस या गायिकेनें उत्तरायुष्यांत सांगितलें कीं, यंत्राशीं मेळ बसावा म्हणून आपण आपला आवाज आवरून धरीत असूं. अंधार केला, पण त्या अंधाराची दोरी विक्रेत्याच्या हातीं राहिली! तात्पर्य, डोळे झांकणें पुरेसें नाहीं. परीक्षा घेणारा निःपक्षपाती पाहिजे, व शक्य तर त्यासही उत्तर ठाऊक नसावें.

हें बंधन पाळणारी पद्धति विसाव्या शतकाच्या मध्यापासून रूढ होत गेली. १९५० सालीं बेल प्रयोगशाळेंतील मन्सन व गार्डनर यांनीं श्रवणपरीक्षेची एक रीत प्रसिद्ध केली. तिच्यापासून निघालेली पद्धति १९८२ सालीं डेव्हिड क्लार्क यांनीं यंत्राच्या साह्यानें वर्णिली. श्रोत्यास 'अ' व 'ब' असे दोन ध्वनि हवे तितके वेळ ऐकतां येतात. मग 'क्ष' ऐकवितात, व तो दोहोंपैकीं कोणता तें त्यानें सांगावयाचें. निवड यंत्रच करीत असल्यामुळें परीक्षकाच्या चेहऱ्यावरूनही कांहीं कळत नाहीं. नुसत्या तर्कानें उत्तर देणारासही सरासरी निम्मीं उत्तरें बरोबर येतात. पण सोळा वेळांपैकीं बारा किंवा अधिक उत्तरें केवळ दैवानें बरोबर येण्याचा संभव शंभरांत सुमारें चारच आहे. म्हणून तितकीं बरोबर आलीं तर श्रोत्यास कांहीं तरी खरोखर ऐकूं येतें असें मानण्यास आधार मिळतो.

आतां तारेकडे वळूं. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत स्पीकरास दिव्याची साधी दुपदरी तार जोडण्याचाच बहुतेकांचा प्रघात होता. त्या सुमारास कॅलिफोर्नियांत नोएल ली यांनीं 'मॉन्स्टर केबल' नांवाची जाड व महाग तार विकावयास आणली, आणि तार हा स्वतंत्र व्यापार झाला. ऑगस्ट १९८३ मध्यें अमेरिकेंतील 'स्टीरिओ रिव्ह्यू' मासिकांत लॉरेन्स ग्रीनहिल यांनीं त्या तारेची परीक्षा प्रसिद्ध केली. मॉन्स्टर, १६ गेजची दिव्याची तार व २४ गेजची बारीक तार, अशा तीन तारा श्रोत्यांस न दाखवितां ऐकविण्यांत आल्या होत्या. संगीत ऐकतांना दिव्याची तार व मॉन्स्टर यांतील भेद श्रोत्यांस ओळखतां आला नाहीं. बारीक तार मात्र दोहोंच्या मागें पडली.

हा दुसरा निष्कर्ष दोन्ही पक्ष विसरतात, म्हणून तो आम्ही मुद्दाम सांगतों. गणितही तेंच बोलतें. दहा मीटर अंतरासाठीं जाण्यायेण्याची मिळून वीस मीटर तार लागते. २४ गेजच्या तारेंत तिचा रोध सुमारें १.७ ओहम भरतो, १६ गेजच्या तारेंत सुमारें पाव ओहम. आठ ओहमच्या स्पीकरापुढें पहिल्यानें आवाज सुमारें १.७ डेसिबलनें घटतो, दुसऱ्यानें पाव डेसिबलच्या आसपास. पहिली घट जाणकार कानास कळूं शकते. दुसरी संगीतांत कळणें फार कठीण. म्हणजे पडदा भेद नाहींसा करीत नाहीं. जेथें भेद आहे तेथें तो दाखवितो.

याविरुद्ध एक आक्षेप विचारार्ह आहे. परीक्षेच्या दडपणाखालीं कान बुजतो, असें कित्येक म्हणतात. तें अगदींच निराधार नसेल. म्हणून एका परीक्षेंत अपयश आलें एवढ्यानें 'कोणासही, कधींही भेद कळणार नाहीं' असें सिद्ध होत नाहीं. पण विक्रेता सांगतो कीं फरक पहिल्याच क्षणीं कोणासही जाणवेल. इतका मोठा फरक वस्तूचें नांव झांकतांच लोपत असेल, तर तो तारेंत होता कीं नांवांत, हें विचारण्याचा अधिकार ग्राहकास आहे. अपयशांत लाज नाहीं. १९७७ सालीं बी. बी. सी.नें पडद्याआडून चार व्हायोलिनें ऐकविलीं, तेव्हां आयझॅक स्टर्न व पिंकस झुकरमन या श्रेष्ठ वादकांपैकीं कोणासही दोहोंहून अधिक ओळखतां आलीं नाहींत. त्यांच्या कानांची थोरवी त्यामुळें उणी झाली नाहीं.

न्यायसूत्रांत प्रत्यक्ष ज्ञानाच्या लक्षणांत गौतमानें 'अव्यपदेश्य' असें एक विशेषण घातलें आहे. इंद्रिय व पदार्थ यांच्या संयोगानें होणारें ज्ञान नांवावर अवलंबून नसतें, असा त्याचा आशय वात्स्यायन भाष्यांत सांगतो. पडद्याआडची परीक्षा हें त्याच विशेषणाचें प्रयोगरूप आहे, असें आम्हांस वाटतें. नांव, किंमत, झळाळी हीं दूर केल्यावर जें ऐकूं येतें, तेंच ऐकणें.

ज्या वाचकास महाग तार घेण्याचा मोह होईल, त्यानें प्रथम घरींच एक प्रयोग करावा. दोन्ही तारांवर चादर टाकावी, आवाजाची पातळी सारखी ठेवावी, घरांतील कोणीं तरी शेजारच्या खोलींत नाणें उडवून, छाप कीं कांटा पाहून, मुकाट्यानें तार जोडावी, आणि आपण सोळा वेळां उत्तर कागदावर लिहावें. बारा उत्तरें जुळलीं तर तार खुशाल घ्यावी. न जुळलीं, तर वांचलेल्या पैशांत गाण्याच्या दोन-चार चांगल्या मैफली तरी पदरांत पडतील.