मालकाचे बिऱ्हाड

लोणारच्या विवरात उतरले की प्राचीन देवळे डोळ्यांत भरतात. उद्योजकाचे घर मात्र तेथे दिसत नाही. वास्तविक कच्चा माल विपुल होता. काच व साबण यांसाठी लागणारी द्रव्ये या परिसरात मिळतात, अशी नोंद थेट ‘ऐन-इ-अकबरी’त आहे. पाणी ओसरले की खार गोळा करावयाचा आणि बाहेर धाडावयाचा, एवढाच तो व्यवहार. मक्तेदार येत आणि जात.

उलटपक्षी, मालक कामाच्या जागीच बिऱ्हाड थाटतो तेव्हा काय घडते, हे पाहावयास आम्हांस सांगली जिल्ह्यात, कुंडलच्या माळावर जावे लागते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईत तंत्रशिक्षण देणाऱ्या संस्थेत शिक्षक होते. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षे गेली असे सांगतात. एवढ्यात नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास लावली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. जमीन कसली, निवडुंग आणि नागसापांचे रान!

शहरात बंगला आणि खेड्यात कारखाना, अशी सोय लक्ष्मणरावांनी पाहिली नाही. पत्नी राधाबाई आणि मुले यांच्यासह ते कामगारांच्या कुटुंबांबरोबर त्याच माळावर राहिले. आमच्या मते साऱ्या इतिहासाचे मर्म येथे आहे. पाणी, शाळा, टपाल ही कामगारांचीच नव्हे, तर धन्याच्या घरचीही गरज झाली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडील जुन्या तोफा वितळवून नांगरांचे काम चालू ठेवले. (यशयाच्या ग्रंथातील तलवारींचे फाळ वाचकांस आठवतीलच.) १९२० पासून याच वाडीतून पुतणे शंकरराव यांनी मासिकही चालविले.

वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, हा दंडक होता. आणि रात्रीचे पहारेकरी म्हणून लक्ष्मणरावांनी नेमले ते तुरुंगातून शिक्षा भोगून आलेले तुकाराम व पिराजी. ज्यांच्या भीतीने इतरत्र लोक दाराला दुहेरी कडी घालीत, त्यांच्या राखणीत ही वसाहत निर्धास्त झोपे.