नागपूरकर भोसल्यांची वंशवेल

श्रोतेहो, आपल्या अकोटजवळच्या अडगावच्या रानात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांची फौज इंग्रजांपुढे मोडली. पुढच्याच महिन्यात देवगावच्या तहानं वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख त्यांच्या हातून गेला. या घराण्याची वंशवेल मोठी विलक्षण आहे.

पहिले रघूजी हे नात्यानं कान्होजी भोसल्यांचे पुतणे लागत. ते १७५५ मध्ये वारले. त्यांच्यामागून थोरले चिरंजीव जानोजी आले; त्यांना मूल नव्हतं. त्यांनी भाऊ मुधोजींचा मुलगा मांडीवर घेतला. हेच दुसरे रघूजी. अडगावी फौजेवर होते, ते यांचे भाऊ व्यंकोजी. आता दुसरे रघूजी पुत्र कोणाचे? जन्मानं मुधोजींचे, दत्तकविधानानं जानोजींचे, दोन्ही खरंच. शिक्षकमित्रांनी फळ्यावर वंशावळ काढताना जन्माची रेघ सलग व दत्तकाची तुटक काढावी, म्हणजे पोरांचा घोटाळा होत नाही.

तिसरे रघूजी तर दुसऱ्या रघूजींच्या लेकीचं लेकरू! १८१८ मध्ये आप्पासाहेबांना दूर करून इंग्रजांनीच या नातवाला दत्तक म्हणून गादीवर बसवलं. तेव्हा दत्तक चालला, कारण तो सोयीचा होता. १८५३ मध्ये हे तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, तेव्हा मात्र डलहौसीनं दत्तकाचा हक्कच नाकारला आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. सत्तावन्नच्या उठावानंतर दत्तक जानोजींना साताऱ्याकडच्या देऊरचे राजेबहादूर म्हणून मान्यता मिळाली. नागपूरची गादी काही परत मिळाली नाही.