एक केबल, तीन आज्ञा

तत्त्वज्ञानाच्या माणसाचं छपरावरच्या डिशशी काय काम, असं वडूजकरांना वाटेल. पण 20 जुलै 2020 ला सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली, शाळा बंद होत्या. जिथं केबलवाला पोचत नाही अशा वाडीवस्तीवर तेव्हा पाठ घरात यायचा तो डिशमधूनच. चित्र गेलं की पाठ बुडाला. म्हणून चित्र का जातं, हा प्रश्न आम्हाला किरकोळ वाटत नाही. त्याचं उत्तर इतिहासात आहे.

1975-76 च्या ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांनी उपग्रहावरून दूरदर्शन पाहिलं. महाराष्ट्र त्यात नव्हता. तिथं निवडीचा प्रश्नच नव्हता. एक उपग्रह, एकच चित्र. पुढं वाहिन्या वाढल्या. एकाच फ्रिक्वेन्सीवर उभ्या आणि आडव्या अशा दोन प्रकारच्या लहरी पाठवू लागले. त्यांतली एक निवडायला डिशच्या तोंडाशी छोटी मोटर आणि तिच्यासाठी वेगळ्या तारा लागत.

मग युक्ती निघाली. डिशवरच्या एलएनबीला वीज केबलमधूनच जाते ना? मग तिचाच दाब बदला. 13 व्होल्ट म्हणजे उभी, 18 म्हणजे आडवी. ही पहिली आज्ञा. 1990 च्या दशकात पट्टा रुंदावला, तेव्हा त्याच विजेवर 22 किलोहर्ट्झचा सूर चढवला. सूर असेल तर 11700 मेगाहर्ट्झच्या वरचा पट्टा, नसेल तर खालचा. ही दुसरी. पुढं दोन-चार एलएनबी एका केबलवर आले, तेव्हा युटेलसॅटनं ‘डायसेक’ आणलं. तोच सूर तोडून-तोडून आकडे पाठवायचे, की अमुक डिश जोड. ही तिसरी.

या आज्ञा देणारा म्हणजे ट्यूनरचा ड्रायव्हर, बॉक्समधला असो की संगणकातला. लिनक्समध्ये सुरुवातीला या कामाला ‘एसईसी’ नावाचं स्वतंत्र उपकरण होतं. पुढच्या आवृत्तीत ते फ्रंटएंडमध्ये विलीन झालं, पण व्होल्टेजच्या आज्ञांच्या नावात ‘एसईसी’ अजून शिल्लक आहे. गाव उठलं तरी आडनावात राहतं, तसं.

आता मुद्दा बघा. साध्या, 1.0 आवृत्तीच्या डायसेकमध्ये स्विच उत्तर देत नाही. ड्रायव्हर म्हणतो, ‘18 व्होल्ट दिले, काम झालं.’ हे झालं शब्दप्रमाण. पण केबल लांब असेल, सांधा गंजला असेल, तर वर पोचेपर्यंत दाब पडतो. तो साधारण 15 च्या खाली गेला की एलएनबी त्याला 13 समजतो. आज्ञा दिली म्हणजे पोचली असं नव्हे.

म्हणून डिश हलवण्याआधी नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक लावावा. काय आहे तेव्हा काय दिसतं, काय नाही तेव्हा काय जातं? फक्त आडव्या वाहिन्या गेल्या, तर दोष 18 व्होल्टकडे. फक्त 11700 च्या वरच्या गेल्या, तर सुराकडे. सूर बंदच होत नसेल, तर उलट खालच्या जातील. दोनपैकी एकच उपग्रह गेला, तर डायसेककडे. तिथं क्रम तपासावा. आधी सूर बंद, मग किमान 15 मिलिसेकंद थांबणं, मग आज्ञा, पुन्हा थांबणं, आणि हवा असेल तर सूर पुन्हा चालू. घाईत दिलेली आज्ञा स्विचला कळत नाही. सगळंच गेलं, तर आधी वीज बघा. काही संगणकी कार्डांना एलएनबीसाठी वेगळी वीजजोडणी लागते, ती राहून गेलेली असते. शेवटी एलएनबीच्या टोकाला, तो जोडलेला असताना, मल्टीमीटर लावा. ते प्रत्यक्ष.

या साऱ्या रचनेत जुनं काही काढलं नाही, एकाच तारेवर थर चढत गेले. म्हणून दोषही थराथरानं शोधावा लागतो. जो तसा शोधेल, त्याला डिश सरळ असताना ती फिरवायला माणूस बोलवावा लागणार नाही, आणि पोराचा पाठही बुडणार नाही.