स्वादुपिंडाचा कॅन्सर : ऑपरेशनआधी रेडिएशन का देतात?

स्वादुपिंड, उर्दूत लबलबा, हा जठराच्या मागे आडवा पडलेला अवयव. अन्न पचवणारा रस आणि इन्सुलिन तो तयार करतो. तो खोल असल्याने त्याची गाठ हाताला लागत नाही आणि आजार उशिरा कळतो. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी याच कॅन्सरने गेले, तेव्हा हे नाव घराघरांत पोहोचले.

या आजारात डॉक्टर कधी कधी म्हणतात, "आधी कीमो आणि रेडिएशन, मग ऑपरेशन." घरचे घाबरतात. गाठ आहे तर काढून का टाकत नाहीत? ऑपरेशन टाळतायत का? म्हणून ही माहिती देत आहोत.

कावीळ म्हणून वेळ घालवू नका

गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात असेल तर पित्ताची नळी दाबली जाते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद, संडास पांढरट, अंगाला खाज. आपल्याकडे अशा वेळी आधी काविळीचे झाडपाल्याचे औषध घेतले जाते, गळ्यात माळ घातली जाते. दुआ जरूर करा, पण पन्नाशीच्या पुढच्या माणसाला पोटात न दुखता कावीळ झाली, वजन घटले किंवा अचानक शुगर निघाली तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी करा. राहुरीकरांना त्यासाठी लोणीचे प्रवरा रुग्णालय किंवा नगरच्या वाटेवर विळद घाटातले विखे पाटील रुग्णालय जवळ आहे. त्यानंतर सीटी स्कॅन लागतो.

सगळ्यांचे ऑपरेशन लगेच का होत नाही?

स्वादुपिंडाला लागून आतड्याच्या आणि यकृताच्या मोठ्या रक्तवाहिन्या जातात. सीटी पाहून डॉक्टर रुग्णांचे चार गट करतात : गाठ रक्तवाहिन्यांपासून दूर आहे, गाठ त्यांना टेकली आहे, गाठीने त्यांना वेढले आहे, आणि आजार यकृतात किंवा इतरत्र पसरला आहे. निदानाच्या वेळी थेट ऑपरेशन होईल असे रुग्ण शंभरात जेमतेम १५ ते २० असतात.

ऑपरेशनआधीच्या रेडिएशनचा विचार मुख्यतः दुसऱ्या गटात होतो, कधी तिसऱ्यातही. गाठ टेकलेली असताना घाईने कापले तर कडेला कॅन्सरच्या पेशी राहू शकतात. रेडिएशनने त्या कडेच्या पेशी मारायच्या असतात. दुसरे कारण असे, की 'व्हिपल' हे ऑपरेशन फार मोठे आहे. त्यानंतर अशक्तपणामुळे बऱ्याच रुग्णांना पुढची कीमो झेपत नाही. आधी दिली तर ती पदरात पडते. त्या काळात आजार इतरत्र पसरलेला दिसला, तर निरुपयोगी ऑपरेशनही वाचते.

अभ्यास काय सांगतात?

नेदरलँडमधील 'प्रीओपँक' अभ्यासात २४६ रुग्ण होते. आधी कीमो-रेडिएशन घेतलेल्यांपैकी ५ वर्षांनी २०.५ टक्के हयात होते, थेट ऑपरेशनला पाठवलेल्यांपैकी ६.५ टक्के. पण दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतील एका अभ्यासात 'फॉलफिरिनॉक्स' या जोरदार कीमोला थोड्या बैठकांचे रेडिएशन जोडले, तर जास्तीचा फायदा दिसला नाही. म्हणून आज बहुतेक ठिकाणी कीमोला पहिले स्थान आहे आणि रेडिएशन रुग्ण पाहून ठरते. एकाला दिले म्हणून दुसऱ्याला द्यायलाच हवे असे नाही.

प्रत्यक्षात काय होते?

आधी दुर्बिणीतून सुईने तुकडा घेऊन कॅन्सरची खात्री करतात. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" या भीतीने तपासणी नाकारू नका. कावीळ असेल तर पित्तनळीत स्टेंट बसवतात. रेडिएशन सहसा आठवड्यात ५ दिवस असते, साधारण ३ ते ६ आठवडे. काही ठिकाणी ५ मोठ्या बैठकांत उरकते. बैठक काही मिनिटांची, एक्स-रेसारखी, न दुखणारी. मळमळ, जुलाब, थकवा येऊ शकतो. या मशीनच्या रेडिएशनने रुग्णाच्या अंगातून किरण निघत नाहीत. नातवंडांना जवळ घ्या, जमातीत नमाज पढा, काही हरकत नाही. पोटावरच्या खुणा मात्र गुस्ल करताना चोळून पुसू नका. रेडिएशननंतर काही आठवडे थांबून पुन्हा स्कॅन होतो आणि मग ऑपरेशन ठरते.

आपल्या घरांत येणारे दोन प्रश्न

रोजे : आजारी माणसाला शरियतने सवलत दिली आहे. उपचार चालू असताना पाणी आणि वजन टिकवणे गरजेचे असते. कझा की फिदिया, हे आलिमांना विचारा.

पचनाच्या कॅप्सूल : या आजारात आणि ऑपरेशननंतर जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात. त्या बहुधा डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. हे कळल्यावर काही जण गुपचूप बंद करतात आणि रुग्ण खंगतो. तसे करू नका. पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारा आणि मुफ्तींना पूर्ण परिस्थिती सांगा. पर्याय नसताना औषध म्हणून घेण्यास अनेक उलेमा मजबुरीच्या नियमाने परवानगी देतात.

डॉक्टरांना हे विचारा

- गाठ कोणत्या गटात आहे?
- कीमोसोबत रेडिएशनने आमच्या रुग्णाला काय फायदा?
- सर्जन, कीमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर यांनी मिळून ठरवले आहे का?
- इथे व्हिपल ऑपरेशने नेहमी होतात का?

शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नका. हे ऑपरेशन सवयीच्या हातांतच बरे. मुंबईत परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१पासून कॅन्सरवरच काम करते.

खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य आणि आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच भेटा. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला तिकिटात सवलत मिळते. त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्या.

थोडक्यात, "आधी रेडिएशन" म्हणजे ऑपरेशन टाळणे नव्हे, ती ऑपरेशनचीच तयारी असते. वेळ वाया जातो तो घरी, कावीळ उतरण्याची वाट पाहण्यात. तो वाचवणे आपल्या हातात आहे. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो.