दुर्गम कुणाला?

अ‍ॅमेझॉन म्हटलं की आपल्याकडे अ‍ॅनाकोंडा आठवतो, पिरान्हा आठवतो, फार तर तोंडाला रंग फासलेला धनुर्धारी. हाफपँट घालून लाकडी होडीच्या टोकाला बसलेला, लांब दांड्याचं छोटं इंजिन चालवत म्हाताऱ्या आईला पेन्शनसाठी तालुक्याच्या गावी नेणारा माणूस कुणालाच आठवत नाही. हे पुस्तक त्याच्याबद्दल आहे. ब्राझीलमध्ये त्याला ‘रिबेइरिन्यो’ म्हणतात, म्हणजे नदीकाठचा. त्याच्या पूर्वजांत मूळ रहिवासी आहेत, पोर्तुगीज आहेत, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेले आहेत आणि रबराच्या दिवसांत सेआरा प्रांतातल्या दुष्काळातून पोटासाठी आलेलेही आहेत.

त्याचा अभ्यास फार उशिरा सुरू झाला. मानववंशशास्त्रज्ञ आदिवासी शोधत गेले, निसर्गशास्त्रज्ञ झाडं आणि किडे. हा मधला माणूस दोघांचीही होडी वल्हवत होता, दोघांसाठी मासे रांधत होता. स्टीफन न्यूजंट यांनी १९९३ साली या समाजावर पुस्तक लिहिलं तेव्हा ‘अदृश्यता’ हा शब्द थेट उपशीर्षकात घातला, तो उगाच नाही. अपवाद होते. हेन्री वॉल्टर बेट्स १८४८ ते १८५९ अशी अकरा वर्षं या नदीवर राहिला, त्यातला बराच काळ एगा या गावी, म्हणजे आजच्या तेफेला. आला होता किडे गोळा करायला, पण शेजाऱ्यांविषयी त्याने जे लिहून ठेवलं ते आजही उपयोगी पडतं. पुढे चार्ल्स वॅगली यांनी गुरुपा या गावाचा ‘इटा’ या टोपणनावाने अभ्यास केला आणि १९५३ मध्ये तो प्रसिद्ध केला. उष्ण हवेमुळे माणूस मागास राहतो हे त्या काळचं लाडकं मत. वॅगलींनी ते मानलं नाही. गावाच्या दारिद्र्याची कारणं त्यांनी समाजव्यवस्थेत शोधली. माझ्या मते या विषयाची खरी सुरुवात तिथे होते.

‘दुर्गम’ या शब्दाशी मात्र नव्या विद्यार्थ्याने आधी भांडून घ्यावं. दुर्गम म्हणजे जगापासून तुटलेलं, असं आपण धरून चालतो. या गावांचा इतिहास नेमका उलटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या उपनद्यांवर रबराचा चीक काढणारा माणूस लिव्हरपूल आणि न्यूयॉर्कच्या भावाशी बांधलेला होता. बांधणारी दोरी म्हणजे ‘आविआमेंतो’. मालक, तिकडच्या भाषेत ‘पात्राँव’, हंगामाच्या आधी पीठ, मीठ, कापड, काडतुसं उधारीवर देई. हंगामाच्या शेवटी रबर घेई. दोन्हींचे भाव तोच ठरवी आणि वहीही तोच लिही. आपल्याकडच्या आदिवासी पट्ट्यातली खावटी आणि सावकाराची चोपडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने तापाजोस नदीकाठून रबराचं बियाणं इंग्लंडला नेलं, त्यातून आशियात मळे उभे राहिले आणि १९१० नंतर अ‍ॅमेझॉनचा भाव कोसळला. पात्राँवची सद्दी ओसरली, उधारीची सवय राहिली.

आजही मासेमाराच्या गावात भाव कोण ठरवतो, तर ज्याच्याकडे बर्फ आहे तो. मासा वाट पाहत नाही. बर्फाची होडी घेऊन आलेला व्यापारी सांगेल तो आकडा, नाहीतर माल फुकट. अंतर किलोमीटरमध्ये मोजणाऱ्याला हे दिसणार नाही.

आता पाणी. सोलिमोएस आणि जापुरा या नद्यांच्या संगमाजवळचा मामिराउआ प्रदेश दरवर्षी पुराखाली जातो. उन्हाळ्यातली आणि पुरातली पातळी यांत दहा-बारा मीटरचा फरक, म्हणजे तीन-चार मजली इमारत. घरं खांबांवर किंवा ओंडक्यांच्या तराफ्यावर तरंगती. गुरांसाठी ‘मारोम्बा’ नावाचा माच बांधतात. जनावरं महिनोन्महिने त्यावर उभी आणि माणसं होडीतून चारा कापून आणतात. हाच पूर अँडीजचा गाळ आणून जमीन सुपीक करतो. पण कसावा वाढवायला मिळतात ते दोन पुरांमधले थोडेच महिने, म्हणून लवकर तयार होणाऱ्या जाती जपाव्या लागतात. ही माती मोठ्या वस्त्या पोसू शकत होती की नाही, यावर पुरातत्त्वज्ञांपैकी ‘नाही’ म्हणणाऱ्या बेटी मेगर्स आणि ‘हो’ म्हणणाऱ्या अ‍ॅना रूझवेल्ट यांचा वाद गाजला. त्याचा निकाल बराचसा रूझवेल्ट यांच्या बाजूने लागला आहे, एवढं इथे पुरे.

कसाव्यावर थोडं थांबतो, कारण त्याचं आपल्याशी नातं आहे. एकादशीचा साबुदाणा याच कंदाच्या पिठाचा. सेलमच्या कारखान्यांतून येतो म्हणून तो तमिळ ठरत नाही. ‘काजू’ आणि ‘अननस’ हे शब्दही ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या तुपी भाषेतून पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे उतरले. नदीकाठच्या गावात कडू कसावा विषारी असतो. तो दिवसेंदिवस पाण्यात भिजत घालतात, सोलून कुस्करतात आणि लगदा ‘तिपिती’त भरतात. तिपिती म्हणजे वेताची विणलेली लांबोडकी नळी. वरचं टोक आढ्याला टांगायचं आणि खालच्या टोकात दांडा घालून ओढायचं. नळी ताणली की आवळते आणि पिवळा विषारी रस ठिबकत राहतो. मग मोठ्या कढईत वल्ह्यासारख्या उलथण्याने तासन्‌तास भाजणं. तेफेजवळच्या उआरिनीचं पीठ गोल दाण्यांचं असतं, पिवळट साबुदाण्यासारखं. जेवणात मासा नसला तर चालतो, पीठ नसलं तर ते जेवण नव्हे.

भवितव्याचा प्रश्न मामिराउआमध्येच सर्वांत नीट विचारला गेला. प्राणिशास्त्रज्ञ जोझे मार्सिओ आयरेस तिथे आले ते पांढऱ्या उआकारी माकडासाठी. १९९० मध्ये तिथे अभयारण्य झालं, तेही अशा प्रकारचं की कायद्याने आत माणूस राहू नये. माणसं तर पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. १९९६ मध्ये ‘शाश्वत विकास राखीव क्षेत्र’ असा नवा प्रकार काढून त्यांना कायद्यात जागा करून दिली. पाठोपाठ पिरारुकू माशाचा प्रयोग आला. हा दोन मीटरच्याही पुढे वाढणारा मासा श्वास घ्यायला वर येतो. अनुभवी मासेमार तळ्याचे तुकडे पाडतात, वीस-वीस मिनिटं गप्प बसतात आणि पाण्याचा आवाज, पाठीची झलक यांवरून मोजतात: एक मीटरपेक्षा मोठे किती, दीड मीटरपेक्षा मोठे किती. शास्त्रज्ञांनी हे आकडे पडताळून पाहिले, ते विश्वासार्ह निघाले. मोजलेल्या मोठ्या माशांपैकी तीस टक्क्यांपर्यंत धरायची परवानगी मिळते. मासे कित्येक पटींनी वाढले. तळं कुणाचं हे ठरलं, म्हणून ते राखलं गेलं. बर्फाचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.

या माणसांना ‘जंगलाचे रक्षक’ म्हणून हार घालणाऱ्यांपासूनही जपून राहावं. त्यांना मुलांसाठी माध्यमिक शाळा हवी आहे, दवाखाना हवा आहे, दिवसभर वीज हवी आहे. शाळा शहरात असते म्हणून पोरं तेफेला, मनाउसला जातात आणि बरीचशी परतत नाहीत. मागे राहिलेल्या घरांत आजीची पेन्शन हीच बहुतेक वेळा सर्वांत नियमित रोख मिळकत असते. हातात मात्र ती शहराची फेरी मारल्यावरच येते.

ही फेरीही आता भरवशाची राहिलेली नाही. मनाउस बंदरात रिओ नेग्रोची पातळी १९०२ पासून नोंदली जाते. त्यातला उच्चांक २०२१ चा, ३०.०२ मीटर. नीचांक २०२४ चा, १२.११ मीटर. मधल्या २०२३ च्या दुष्काळात तेफेच्या तळ्यात पाणी इतकं तापलं की दोनशेहून अधिक डॉल्फिन मेले. होड्या चिखलात रुतल्या, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या नदीच्या काठची माणसं पिण्याच्या पाण्यासाठी वाळवंट तुडवत गेली.

पुढचे लेख क्रमाने वाचायची गरज नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने उधारीच्या प्रकरणापासून, जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने पिरारुकूपासून सुरुवात करावी. जमल्यास कामापुरती पोर्तुगीज शिकावी, कारण सर्वांत ताजं काम त्याच भाषेत होत आहे. नकाशा मात्र जवळ ठेवा. एक पुरत नाही. जूनमध्ये जिथे तळं असतं तिथे ऑक्टोबरमध्ये पायवाट असते, म्हणून पुस्तकाच्या शेवटी दोन्ही महिन्यांचे नकाशे जोडले आहेत.