मैदानांवरून मैदानांवर : टाटांच्या हवाई टपालाची पहिली वाट

घोडेगांवच्या गुरांच्या बाजारास दूरच्या गांवाहून गाडीनें येणारा शेतकरी पूर्वीं घरून निघे, तेव्हां वाटेचा विचार तो कोसांच्या हिशेबानें करीत नसे. मुक्काम कोठें करावयाचा, तेथें बैलांस पाणी मिळेल कीं नाहीं, कडब्याची सोय कोण करील, रात्रीं पाऊस आलाच तर चाकें रुतणार नाहींत अशी कोरडी जागा कोणती, ह्या गोष्टी मनाशीं पक्क्या झाल्यावांचून तो बैल जुंपीत नसे. नगरहून छत्रपति संभाजीनगराकडे, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेकडे, जाणाऱ्या रस्त्यावरील ह्या बाजारगांवाची आठवण विमानाच्या गोष्टींत कशासाठीं, असें श्रोत्यांस वाटेल. कारण एवढेंच कीं, १९३२ सालीं लहानशीं विमानें घेऊन कराचीहून मद्रासेपर्यंत टपाल नेऊं पाहणाऱ्या माणसांपुढें नेमके हेच प्रश्न होते. विमानाचा चारा म्हणजे पेट्रोल, आणि उताराची कोरडी जागा म्हणजे एखादें मोकळें मैदान.

विलायतेचें टपाल १९२९ सालापासून इंपीरियल एअरवेजच्या विमानानें कराचीपर्यंत येऊं लागलें होतें. तेथून मुंबईस व मद्रासेस मात्र तें आगगाडीनें जाई, आणि हवेंतून वांचविलेला वेळ बराचसा रुळांवर खर्ची पडे. हा तुटलेला दुवा सांधण्याची कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट नांवाच्या वैमानिकाची. हा मूळचा दक्षिण आफ्रिकेंतला, ब्रिटिश हवाई दलांत नोकरी केलेला तरुण. महायुद्धाच्या काळांतील बनावटीचीं दोन जुनीं विमानें घेऊन तो एका सोबत्यासह हिंदुस्थानांत आला आणि गांवोगांव हिंडून, पैसे घेऊन, हौशी लोकांस आकाशांत फेरी मारून आणूं लागला. व्यवसाय कांहींसा डोंबाऱ्याच्या खेळासारखा. परंतु त्यांतून जी विद्या मिळते ती पुस्तकांत नसते. नव्या गांवीं पोंचतांच मैदान शोधावयाचें, वरून दोन घिरट्या घालून दगड, चर, झाडें व तारायंत्राचे खांब पाहावयाचे, चुलीच्या धुराच्या रोखावरून वारा ओळखावयाचा, आणि मग उतरावयाचें. अशा भटकंतींतून देशाचा जो नकाशा माणसाच्या डोक्यांत तयार होतो, त्यांत शहरांपेक्षां सपाट जागांनाच मोल अधिक.

१९२९ सालीं व्हिन्सेंटनें आपली योजना जे. आर. डी. टाटा ह्यांजपुढें मांडली. त्यांनीं त्याच वर्षाच्या १० फेब्रुवारीस वैमानिकाचा परवाना मिळविला होता, आणि हिंदुस्थानांत दिला गेलेला तो पहिला क्रमांकाचा परवाना होता. घरचे वडीलधारे सर दोराबजी टाटा ह्यांस ह्या उद्योगाची फारशी आस्था नव्हती. टाटांच्या पेढींतील जॉन पीटर्सन ह्यांनीं शब्द टाकला तेव्हां कोठें त्यांनीं होकार दिला. भांडवल सुमारें दोन लाख रुपये. सरकारशीं वाटाघाट करण्यांत तीन वर्षें गेलीं, आणि अखेर सरकारी अनुदान नाहींच. टपालाच्या वजनाप्रमाणें जें मिळेल त्यावर भागवावयाचें. करार १९३२ च्या एप्रिलांत झाला. सर दोराबजी जूनमध्यें निवर्तले. पहिलें उड्डाण पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

प्रवासाच्या तयारीचा एक धडा टाटांस आधींच मिळाला होता. १९३० सालीं आगाखान ह्यांनीं इंग्लंड आणि हिंदुस्थान ह्यांमधील अंतर एकट्यानें उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी माणसास बक्षीस लावलें होतें. टाटा कराचीहून लंडनकडे निघाले, तर अस्पी इंजिनियर हा कोवळा तरुण उलट दिशेनें येत होता. इजिप्तमध्यें अबुकीर येथें दोघांची गांठ पडली. अस्पीचें विमान ठिणगीच्या प्लगांवांचून अडून बसलें होतें, आणि टाटांजवळ जादा प्लग होते. त्यांनीं ते प्रतिस्पर्ध्यास देऊन टाकले! बक्षीस अस्पीनें जिंकलें. पुढें हेच गृहस्थ स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. टाटांच्या औदार्याची ही कथा पुष्कळ ठिकाणीं सांगतात. ती योग्यच आहे. मात्र चार आण्याची वस्तु जवळ नसली तर हजारों मैलांचा प्रवास वाळवंटांत थांबतो, हा तिचा दुसरा अर्धा भाग सांगावयाचा राहून जातो.

टपालासाठीं घेतलेलीं विमानें दोन, आणि दोन्ही पुस मॉथ जातीचीं. एकच इंजिन, कापडानें मढविलेले पंख, वैमानिकामागें एखाददुसरा उतारू कसाबसा बसेल एवढी जागा, आणि वेग तासास सुमारें शंभर मैल. बिनतारी यंत्र नाहीं, वाटेंत कोणी दिवा दाखविणारा नाहीं. नदी, आगगाडीचा रूळ आणि समुद्राचा किनारा हेच वाटाडे. अशा विमानानें एका दमांत कराचीहून मद्रास गांठणें शक्यच नव्हतें. म्हणून टप्पे पाडले ते असे : कराची, अहमदाबाद, मुंबई, बेळ्ळारी, मद्रास. प्रत्येक ठिकाणीं पेट्रोल आधीं पोंचलेलें असावें लागे. तें येई डब्यांतून, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणें मऊ कातड्यांतून गाळून टाकींत ओतावें लागे. कारण पाण्याचा थेंब किंवा गंजाचा कण नळींत गेला तर इंजिन आकाशांतच बंद पडावयाचें. रात्रीं विमान उघड्यावर राहावयाचें असेल तर तोंड वाऱ्याकडे करून त्यास खुंट्या ठोकून दोरांनीं बांधीत. इतकें हलकें यंत्र वावटळींत उलटावयास वेळ लागत नाहीं.

आरंभाचा मुहूर्त १५ सप्टेंबरचा होता. परंतु त्या वर्षीं पाऊस लांबला, जुहूची जमीन वाळेना, आणि सारें एक महिना पुढें ढकलावें लागलें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं साडेसहाच्या पुढें टाटा एकटेच कराचीहून निघाले. जवळ टपाल पंचावन्न पौंड, म्हणजे सुमारें पंचवीस किलो. त्या वेळीं कराचीस एक प्रचंड विमानघर उभें होतें. आर १०१ नांवाचें ब्रिटिश हवाई जहाज येणार म्हणून तें बांधलें होतें. तें जहाज हिंदुस्थानाकडे येत असतां ५ ऑक्टोबर १९३० रोजीं फ्रान्समध्यें कोसळून जळालें, आणि विमानघर रितेंच राहिलें. साम्राज्याच्या त्या थोर बेताची अशी गति झाली, आणि त्याच गांवाहून हें चिमुकलें विमान कोणताहि गाजावाजा न करतां दक्षिणेकडे वळलें.

अहमदाबादेस बर्मा शेल कंपनीचें पेट्रोल चार चार गॅलनांच्या डब्यांतून आलें, आणि तें घेऊन आली बैलगाडी. दुपारीं दोनच्या सुमारास टाटा जुहूस उतरले. मद्रासचें टपाल घेऊन व्हिन्सेंट दुसऱ्या विमानानें तेथून पुढें निघाला. सह्याद्रि ओलांडून, दख्खनच्या माळावरून आग्नेयेस जातां जातां दिवस संपला. अंधारांत उडण्याची सोय नव्हती. रात्र बेळ्ळारीस काढून दुसऱ्या दिवशीं, १६ ऑक्टोबरला, त्यानें मद्रास, म्हणजे आजचें चेन्नई, गांठलें.

ह्या दिवसाचें कौतुक फार झालें आणि अजूनहि होतें. तथापि कोरड्या, निरभ्र ऑक्टोबरांत एकदां उडून जाणें वेगळें, आणि वर्षभर ठरल्या वारीं, ठरल्या वेळीं उडणें वेगळें. खरी परीक्षा पुढल्या पावसाळ्यांत व्हावयाची होती.

जुहूस विमानतळ असा नव्हताच. समुद्रकांठची चिखलाची सपाटी आणि झावळ्यांनीं शाकारलेली एक खोप, एवढाच संसार. पावसाळ्यांत मोठी भरती आली कीं ही जागा समुद्राच्या पातळीखालीं जाई. तेव्हां सारें बिऱ्हाड हलवावें लागे. विमानें, तीन वैमानिक आणि तीन यंत्रकारागीर, सगळे घाट चढून पुण्यास येत. तेथें त्यांस येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलींतील एक मैदान वापरावयास मिळालें होतें. ह्याच तुरुंगांत १९३२ च्या सप्टेंबरांत महात्मा गांधींचें उपोषण झालें होतें आणि अवघ्या देशाचे डोळे त्या भिंतीकडे लागले होते. पुढल्याच वर्षीं त्या भिंतीलगत टपालाचीं विमानें उतरूं लागलीं. त्या वर्षांच्या पुण्याच्या आठवणींत पहिली गोष्ट सर्वांस आहे, दुसरी क्वचित कोणास.

पुण्याची जमीन कोरडी, हें खरें. परंतु अहमदाबादेकडे जावयाचें तर सह्याद्रि चुकत नाहीं. श्रावणांत घाटमाथ्यावर ढग कसे बसतात हें भीमाशंकर किंवा हरिश्चंद्रगड पाहिलेल्यास सांगावयास नको. खालीं दरी दिसत नाहीं, समोर कडा दिसत नाहीं. ढगांखालून जावें तर डोंगर आडवा, वरून जावें तर उतरण्यास भोक सांपडेल याची खात्री नाहीं. वैमानिकाजवळ होकायंत्र, घड्याळ आणि आधींच्या खेपांची आठवण. अशा स्थितींत परत फिरण्याचा निर्णय घेतां येणें हाहि बेताचाच भाग असतो. पण परत फिरलें तर टपाल चुकतें, आणि वजनावर मिळणारा पैसाहि. एकदां उशीर झाला असता तर "हिंदी लोकांस हें जमावयाचें नाहीं" म्हणणारे कमी नव्हते.

टपाल चुकलें नाहीं. पहिलें वर्ष पुरें झालें तेव्हां सरकारच्या नागरी विमान खात्यानें आपल्या अहवालांत लिहून ठेवलें कीं, शंभर टक्के वेळ पाळली गेली. पश्चिम घाटांत पर्जन्याचें संकट असतांहि कराचीची गांठ एकदांहि हुकली नाहीं आणि मद्रासेस टपाल एकदांहि उशिरा पोंचलें नाहीं. पहिल्या पुऱ्या वर्षांत म्हणजे १९३३ सालीं हीं विमानें १,६०,००० मैल उडलीं, सुमारें दहा टन टपाल वाहिलें, आणि १५५ उतारूंस घेऊन गेलीं. अनुदान नाकारणाऱ्या सरकारनेंच हें प्रमाणपत्र द्यावें, ह्यांत थोडी गंमत आहे.

व्हिन्सेंट ह्या कामांत अखेरपर्यंत राहिला. दुसऱ्या महायुद्धांत पुण्यास विमानें बांधण्याचा टाटांचा बेत होता, त्यासाठीं तो इंग्लंडास गेला. १९४२ च्या जानेवारींत तिकडून परततांना त्याचें विमान फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ नाहींसें झालें. ज्यानें ह्या देशांतलीं मैदानें प्रथम पारखलीं, त्याचें नांव आज वैमानिकांखेरीज कोणास ठाऊक नसतें.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजीं, पन्नास वर्षें पुरीं झालीं त्या दिवशीं, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे टाटा लेपर्ड मॉथ जातीच्या तशाच एका जुन्या विमानांतून पुन्हां कराचीहून निघाले आणि अहमदाबादेवरून जुहूस आले. ह्या खेपेस उतरावयास पक्की धांवपट्टी होती, आणि भरतीचें पाणी तेथवर येत नव्हतें.