मद्यार्काची मोटार आणि थंडीची सकाळ

ब्राझिलच्या दक्षिण भागात जुलै महिना ऐन हिवाळ्याचा असतो. विषुववृत्ताच्या पलीकडील ऋतुचक्र आपल्या उलट फिरत असल्यामुळे, आपल्याकडे आषाढसरी कोसळत असतात त्या दिवसांत सांता कातारीना आणि रिओ ग्रांदे दो सुल या प्रांतांत पहाटे गवतावरचे दंव गोठलेले आढळते. १९७९ साली अशाच जुलै महिन्यात फियाट कंपनीने आपली ‘१४७’ ही लहानशी मोटार केवळ मद्यार्कावर चालणारी करून तेथील बाजारात आणली. मोठ्या संख्येने कारखान्यातून बाहेर पडलेली अशा जातीची ही पहिलीच मोटार होय. तिच्या धुरास ‘कशासा’ या तेथील उसाच्या दारूचा वास येई, म्हणून लोकांनी त्या दारूवरूनच तिला एक लाडके नाव बहाल केले. थंडीच्या सकाळी मात्र ही लाडकी हटकून रुसून बसे. त्या रुसव्याचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे.

ब्राझिलला मद्यार्काचे इंधन नवे नव्हते. १९२५ सालीच तेथील एका सरकारी प्रयोगशाळेने फोर्ड गाडी मद्यार्कावर चालवून पाहिली होती, आणि १९३१ पासून आयात पेट्रोलमध्ये शेकडा ५ या प्रमाणात मद्यार्क मिसळण्याची सक्ती झाली होती. पण पाणी गळ्याशी आले ते १९७३ च्या तेलसंकटात. आपल्या गरजेच्या तेलापैकी बहुतांश तेल हा देश बाहेरून आणीत होता. राष्ट्राध्यक्ष गायझेल यांच्या सरकारने १४ नोव्हेंबर १९७५ रोजी ‘प्रोआल्कूल’ ही योजना जाहीर केली. साओ जोसे दोस कांपोस येथील वैमानिकी संशोधनकेंद्रात उर्बानो एर्नेस्तो स्टुंफ हे अभियंते मद्यार्काचे एंजिन घडविण्यात आधीपासूनच गढलेले होते, आणि १९७६ साली त्यांच्या पद्धतीने बदललेल्या तीन मोटारी देशभर फिरवून आणण्यात आल्या. मोटारी धावल्या. धावण्याविषयी शंका कधी नव्हतीच. अडचण होती ती सुरू होण्याची.

ती समजून घ्यावयाची तर एक साधी गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. एंजिनात द्रव इंधन जळत नाही. जळते ती त्याची वाफ. पेट्रोल म्हणजे अनेक घटकांचे कडबोळे. त्यांतील हलके घटक ३५ अंशांच्या आसपासच उकळू लागतात आणि कडाक्याच्या थंडीतही ठिणगीने पेटण्याइतकी वाफ देतात. मद्यार्क एकजिनसी आहे. तो उकळतो ७८ अंशांवर. उष्णतामान सुमारे १३ अंशांच्या खाली गेले की त्याची वाफ हवेत पेट घेण्याइतकी दाट होतच नाही. शिवाय वजनास वजन धरता, त्याची वाफ करावयास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, आणि तेवढ्याच हवेबरोबर जळावयास तो दीडपटीहून अधिक घ्यावा लागतो. गुणाकार केला म्हणजे थंड एंजिनाकडून आपण जवळजवळ चौपट उष्णता मागतो आहोत असे दिसेल. आणि थंड एंजिनापाशी नेमकी तीच नसते.

मग कारागिरांनी काय केले? कार्ब्युरेटरची जेटे मोठी केली, चोक अधिक ओढावयास लावला. त्याने इंधन अधिक आले, वाफ फारशी वाढली नाही. उलट द्रव मद्यार्काने प्लग भिजून जात आणि मग तर ठिणगीही पडेना. मद्यार्काने एंजिन सहसा ठोकत नाही, म्हणून दाबाचे प्रमाण वाढविता आले. जास्त दाबल्याने मिश्रण थोडे अधिक तापते. परंतु तेवढा दाब ओलांडण्यासाठी स्टार्टरला अधिक बळ लागते, आणि थंडीत बॅटरी स्वतःच गारठलेली असते. आत येणारे मिश्रण गरम पाण्याने ऊबदार करण्याची योजना चांगली होती. फक्त ते पाणी एंजिन सुरू झाल्यावरच गरम होत असे!

अखेर जो उपाय टिकला तो काहीसा लाजिरवाणाच म्हटला पाहिजे. पेट्रोलची गरज संपविण्यासाठी निघालेल्या मोटारीत पेट्रोलचीच एक छोटी टाकी एंजिनाशेजारी बसविण्यात आली. गारठलेल्या सकाळी बटण दाबावयाचे, पेट्रोलची पिचकारी आत सोडावयाची, एंजिनाने श्वास धरला की पुढे मद्यार्क. या टाकीची गंमत अशी की, ती वर्षातून थोडेच दिवस लागे. त्यामुळे ती भरावयाचे लोक विसरत. आणि भरलेली असली तर त्यातले पेट्रोल महिनोन्‌महिने पडून चिकट होई. कामाला जावयाच्या घाईत असलेल्या माणसाला नेमक्या त्याच दिवशी ती दगा देई. कार्ब्युरेटर गंजण्याची तक्रार होती ती वेगळीच. १९८१ साली या मोटारींचा खप कोसळला. त्यास अनेक कारणे होती. पण सकाळच्या या त्रासाचा वाटा मी तरी लहान मानणार नाही.

कारखानदारांनी दोष दूर केले आणि १९८५-८६ च्या सुमारास ब्राझिलमध्ये विकल्या जाणाऱ्या दर दहा नव्या मोटारींपैकी नऊहून अधिक मद्यार्कावर चालणाऱ्या होत्या. पुढे तेल स्वस्त झाले, गिरण्या साखरेकडे वळल्या, १९८९ साली पंपांवर मद्यार्कच मिळेना, आणि लोकांचा विश्वास उडाला. २००३ साली फोक्सवागनच्या ‘गोल’ मोटारीबरोबर दोन्ही इंधने कोणत्याही प्रमाणात चालवून घेणारे एंजिन आले. जळलेल्या वायूतील प्राणवायू मोजून ते मिश्रण ओळखी. पण थंड असताना या मापकास काहीच कळत नाही. कालच्या आठवणीवरच आजची सुरुवात करावी लागते. म्हणून छोटी टाकी तिथेही राहिलीच. ती गेली २००९ साली, पोलो गाडीत. इंधनाच्या नळीतच विजेने मद्यार्क तापवून मग तो फवारावयाचा, ही युक्ती बॉश कंपनीने तीत उतरविली. फियाटच्या त्या पहिल्या मोटारीनंतर यास तीस वर्षे लागली. स्वीडनने या प्रश्नाला वेगळी बगल दिली: तेथे मद्यार्कात शेकडा १५ पेट्रोल आधीच मिसळलेले असते आणि हिवाळ्यात ते प्रमाण वाढविले जाते.

आपल्या देशात १९४८ सालीच या इंधनासाठी ‘पॉवर अल्कोहोल’चा कायदा झाला होता; तो २००० साली रद्द झाला. आज पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मद्यार्क असतो. उरलेल्या पेट्रोलमधील हलके घटक एंजिन सुरू करून देतात, त्यामुळे हा रुसवा सहसा जाणवत नाही. परंतु निव्वळ मद्यार्काच्या मोटारींची चर्चा आपल्याकडेही सुरू झाली आहे. कोल्हापूर-सांगलीच्या ऊसपट्ट्यात त्यांची परीक्षा फारशी कठीण ठरणार नाही. ग्वाल्हेर, इंदूर, दिल्ली येथे राहणाऱ्या श्रोत्यांना मात्र पौषातल्या सकाळी पारा १३ अंशांच्या किती खाली उतरतो हे मी सांगावयास नको.